हापूसच्या आळ्यात शेण घालूनही गांडूळ का नाही?

कातळवाट: राजापूरजवळ जांभा खडकावर हापूसची 12 वर्षांची कलमं. दोन वर्षं मे महिन्यात बुंध्याशी ताजं शेण आणि काजूचा वाळका पाला पुरतोय, महिन्याला जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पाणी). पानं फिकट, खणलं की पांढऱ्या अळ्या, गांडूळ एकही नाही. चुकतंय कुठे?

सड्यावरची_बाग: ताजं शेण मातीत पुरलं की तिथेच तापतं, मुळांजवळचा प्राणवायू संपवतं, गांडूळ त्यात टिकत नाही. काजूच्या वाळक्या पाल्यात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) कमी. तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र उचलतात, फिकटपणा बहुधा त्याचाच. पाला पुरू नका, वर पसरा. मग नत्राची ही ओढ वरच्या पातळ थरापुरती राहते.

शेण आधी खड्ड्यात 3-4 महिने कुजवा. शेणाचा थर, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया) ओला पाला, वर थोडी माती. मूठ आवळली तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. महिन्याला उलटवा. काळसर, भुसभुशीत, हाताला गार आणि मातीचा वास म्हणजे तयार. एवढ्या कलमाला 50 किलो पुरे. बुंध्याशी मात्र अजिबात नको! फांद्यांच्या टोकांच्या थोडं आत 45-60 सेंमी रुंद, 15 सेंमी खोल गोल चर काढून घाला. अन्न घेणारी मुळं तिथे असतात. जूनच्या सुरुवातीला द्या.

माडाचं_आगर: अळ्या नीट बघा. अंगठ्याएवढी जाड असेल तर गेंड्या भुंग्याची, ती कुजकं खाते; पण तिचा भुंगा शेजारच्या माडांचा कोंब पोखरतो. हुमणी ही दुसरी पांढरी अळी, ती मुळं खाते. खड्डा उलटताना अळ्या वेचा, ओल असताना अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा. बुरशीनाशक तिथे नको.

तांबडी_माती: जीवामृत बंद करू नका, पण त्याला खत समजू नका. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, त्यात अन्नद्रव्य किती असणार? तापल्या उघड्या मातीवर ओतलं तर वाया. आच्छादनाखाली, संध्याकाळी घाला. आणि मातीचा सामू (pH) तपासा. 5.5 च्या खाली असेल तर लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, झाडाला मिळत नाही. सामू वाढवायला चुना घाला, पण माती परीक्षणाच्या मात्रेनेच. शेणखताबरोबर नको, नत्र अमोनिया होऊन उडतं. दोन-तीन आठवडे अंतर ठेवा.

कातळवाट: यंदाचं शेण पुरून झालंय. उकरून काढू?

सड्यावरची_बाग: काढा, पण कुदळ नको, हाताने किंवा खुरप्याने. निघेल तेवढं खड्ड्यात टाका, बुंधा मोकळा ठेवा.