आजीचं एटीएम कार्ड कार्यकर्त्याच्या पाकिटात: सोय की धोका?

गोदाकाठची
आमचा पंधरा-वीस जणांचा गट आहे. पंचवटीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जायचं, औषधं पोहोचवायची, दवाखान्यात न्यायचं. रविवारी वस्तीतल्या पोरांचा अभ्यास घ्यायचा. गेल्या महिन्यात एका आजींकडे गेले, तर त्यांचं एटीएम कार्ड घरात नव्हतं. आमच्याच एका दादांच्या पाकिटात होतं, मागे पेनाने पिन लिहिलेला. आजींना जिना उतरवत नाही, म्हणून श्रावणबाळ योजनेचे १५०० रुपये दादाच काढून आणून देतात. पै न पै देतात. आजींची काही तक्रार नाही.

तरी मी बैठकीत तीन नियम मांडले. कुणाचं कार्ड-पासबुक आपल्याकडे ठेवायचं नाही, पोरांसोबत बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही, आणि नव्या-जुन्या सगळ्यांनी पोलिसांचा चारित्र्य दाखला आणायचा. दादा म्हणाले, "बारा वर्षं फुकट राबलो, आता चोर ठरवताय का?" आणि चहा अर्धा टाकून उठले. माझं चुकलं का?

सातपूरवाला
चुकलं ताई. फर्स्ट शिफ्ट करून, घरी न जाता म्हातारीच्या औषधाला धावणारा माणूस तुम्ही दाखल्याच्या रांगेत उभा करणार? आणि दाखला सांगतो काय, तर गुन्हा नोंदलेला नाही. जो कधी सापडलाच नाही त्याचाही दाखला कोराच येणार. कागद गोळा केल्याचं समाधान तेवढं तुम्हाला.

चॉकडस्टर
दाखल्याबद्दल सातपूरवाल्यांशी सहमत, तेवढ्यावर विसंबू नये. पण म्हणूनच बाकीचे दोन नियम जास्त महत्त्वाचे. दादा प्रामाणिक आहेत हे आजींना माहीत, तुम्हाला माहीत. उद्या ते गावी गेले आणि कार्ड दुसऱ्याला देऊन गेले तर? आजींची तक्रार नाही म्हणता, पण ज्या माणसावर आपली बीपीची गोळी अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध ती बाई तोंड उघडेल का? मी शाळेत तीस वर्षं काढली. पोरं सगळ्यात उशिरा कुणाविषयी बोलतात, तर खाऊ देणाऱ्याविषयी.

पाडा_ते_पाडा
शहरात बसून नियम करणं सोपं. मी हरसूलच्या पुढे पाड्यांवर जातो. आमच्याकडे "एकट्याने जायचं नाही" हा नियम आला. हेतू चांगलाच होता. पण माणसं तेवढीच, पेट्रोल तेवढंच, त्यामुळे भेटी निम्म्यावर आल्या. पावसाळ्यात एका अंथरुणाला खिळलेल्या बाबांकडे तीन आठवडे कुणी गेलं नाही. गेलो तेव्हा पाठीला जखम झालेली, चादर चिकटलेली. ती सोडवायला कोमट पाणी ओतत अर्धा तास लागला. त्या तीन आठवड्यांत नियम मात्र एकदाही मोडला नव्हता. सुरक्षितता म्हणजे नक्की कुणाची, एवढंच विचारतोय.

चॉकडस्टर
पाडा, हे वाचून गप्प झाले. तरी म्हणेन, दार उघडं ठेवायला, शेजारणीला हाक मारून बसवायला पेट्रोल लागत नाही. "दुसरं माणूस" गटातलंच हवं असं कुठाय?

सातपूरवाला
आणि कार्डाचं काय? आजी बँकेत उडत जाणार?

पोस्टाचा_माणूस
पोस्टमन घरी येऊन आधारवर अंगठा घेऊन पैसे देतो. आधार खात्याला जोडलेलं हवं, खातं दुसऱ्या बँकेचं असलं तरी चालतं.

गोदाकाठची
करून पाहिलं. पाचदा अंगठा लावला, ठसा उठेना. आयुष्यभर लोकांची भांडी घासलीत हो त्यांनी, बोटं गुळगुळीत झालीत.

कायद्याचं_बोला
कार्डावर भांडताय, पण पोरांच्या बाबतीत ऐच्छिक काही उरलेलंच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ बघा. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी शंका आली, तर पोलिसांना सांगणं बंधनकारक. कलम २१ प्रमाणे न सांगणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. "आपसांत मिटवू, गटाची बदनामी नको" हा पर्यायच नाही. सद्भावनेने दिलेली माहिती पुढे चुकीची निघाली तर सांगणाऱ्याला संरक्षण आहे. रविवारच्या वर्गातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे का?

समुपदेशक_सिडको
कलम पाठ आहे, अडचणही तिथेच आहे. मुलगी विचारते, "ताई, कुणाला सांगणार नाही ना?" हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर ती उठून जाते. मी आता सुरुवातीलाच सांगते की तुला धोका असेल तर मला ते पुढे सांगावं लागेल, पण कुणाला आणि कधी ते आधी तुला कळेल. काही मुली बोलायच्या थांबतात, हे खरं आहे. तरी "आपल्या दोघींतच राहील" हे वाक्य मी सोडलं. ते वाक्य वाईट माणसंही वापरतात.

पाडा_ते_पाडा
हे पटलं.

घाटावरचा
फोटोंचा नियम कसा नाही तुमच्यात? थंडीत रामकुंडावर ब्लँकेट वाटतात, एक ब्लँकेट धरायला सहा हात. मागच्या खेपेला एक बाई पदराने तोंड झाकत होती, तर एक जण म्हणतो, "मावशी, इकडे बघा." तिने बघितलं. न बघून सांगते कुणाला, ब्लँकेट अजून त्याच्या हातात होतं. २०२७ च्या कुंभात असे सेवेकरी किती येतील विचार करा.

सातपूरवाला
फोटोवर वाद नाही, तो बंदच करा. दाखल्यावर मी अजून ठाम आहे. पण ताई, सगळ्यांसमोर बैठकीत काढलंत, तिथे दादांचा अपमान झाला. आधी घरी जाऊन बोलला असतात तर?

गोदाकाठची
हे मात्र खरं. काल गेले होते. दाखल्याला ते नाहीच म्हणाले. कार्ड मात्र काढून टेबलावर ठेवलं, म्हणाले, "पिन बदला आधी, माझ्या डोक्यातून तो जाणार नाही." आता कार्ड आजींच्या डब्यात. महिन्यातून एकदा रिक्षा करायची, दोघांनी हाताला धरून उतरवायचं, पैसे आजींनीच मोजायचे. रिक्षाचं भाडं कुणी द्यायचं, यावर पुढच्या बैठकीत पुन्हा भांडण आहे.