मनोरा २० मीटरांचा, मग ५५ मीटरांची उडी कोठून?

प्रश्न : एक विज्ञानशिक्षिका, खानापूर

नमस्कार. मी मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. वर्गातील एका मुलाचा मामा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. सुट्टीत गावी आल्यावर त्याने स्टॅफर्डशायरमधील आल्टन टॉवर्स या उद्यानातल्या ‘ऑब्लिव्हियन’ या रोलर कोस्टरची चित्रफीत भाच्याला दाखवली आणि तेव्हापासून वर्गात दुसरा विषय नाही. मुलांनी शोधलेल्या माहितीनुसार हा पाळणा जमिनीपासून जेमतेम २० मीटर उंच आहे, आणि तरीही गाडी ५५ मीटर खाली कोसळते. उरलेले ३५ मीटर आले कोठून? शिवाय कड्यावर गाडी काही क्षण थांबते तेव्हा माणसे खाली का पडत नाहीत, आणि कोसळताना वजन खरोखरच नाहीसे होते का? पुस्तकातील व्याख्या मला सांगता येतात, परंतु त्या ऐकून मुलांचे समाधान होत नाही.

उत्तर १ : शहापूर, बेळगाव

बाई, मी त्या भागात चार वर्षे राहिलो आहे आणि या पाळण्यात दोनदा बसलो आहे. आल्टन टॉवर्समध्ये कोणताही पाळणा झाडांच्या शेंड्यांवर डोके काढणार नाही, असे बंधन आहे. वर जाता येत नाही, म्हणून तेथील रचनाकार जमिनीत शिरले. १९९४ साली सुरू झालेल्या ‘नेमेसिस’साठी त्यांनी खडक फोडून खोल दरी तयार केली, आणि १४ मार्च १९९८ रोजी सुरू झालेल्या ‘ऑब्लिव्हियन’साठी तर रूळ थेट भुयारातच नेले. तुमच्या मुलांचे हरवलेले ३५ मीटर जमिनीच्या पोटात आहेत. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड या कंपनीने बांधलेला हा पाळणा उभ्या उडीचा जगातील पहिला रोलर कोस्टर मानला जातो.

मुलांना ५५ मीटरांचा अंदाज येत नसेल, तर त्यांना गोकाकला न्या. घटप्रभेचा तो धबधबा सुमारे ५२ मीटरांचा आहे. झुलत्या पुलावर उभे राहून पाणी कड्यावरून कोठवर जाते ते पाहावे, म्हणजे जवळपास तीच उंची डोळ्यांसमोर येते. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर ५५ मीटरांवरून सोडलेला दगड सुमारे ३.३ सेकंदांत खाली पोहोचतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ११८ किलोमीटर असतो. ‘ऑब्लिव्हियन’चा वेग ताशी ११० किलोमीटर सांगतात. मधला फरक घर्षणाने आणि हवेने खाल्ला, हे गणित फळ्यावर मांडण्याजोगे आहे.

उत्तर २ : उद्यमबाग

मी गेली अठरा वर्षे यंत्रकामात आहे, म्हणून चाकांविषयी लिहितो. अशा गाडीची चाके तीन बाजूंनी रुळाला धरून असतात : वरची भार घेतात, बाजूची गाडीला इकडेतिकडे सरकू देत नाहीत आणि रुळाखालची तिला वर उचलू देत नाहीत. कड्यावर गाडीला ब्रेक धरून ठेवतो. तेव्हा आसन पुढे कललेले असते आणि शरीराचा बराच भार खांद्यावरून येणाऱ्या दांड्यावर पडतो. लोकांना वाटते की दांड्याची खरी परीक्षा कोसळताना होते. माझ्या मते ती थांबलेल्या क्षणी होते, कारण कोसळताना गाडी, दांडा आणि माणूस एकाच वेगाने खाली जात असतात आणि कोणी कोणावर रेलत नाही.

एक दुरुस्तीही सुचवतो. ‘ऑब्लिव्हियन’ची उतरण ८७.५ अंशांची आहे, म्हणजे ती पूर्ण उभी नाही. पूर्ण ९० अंशांची उडी अमेरिकेतील टँपा येथे २००५ साली सुरू झालेल्या ‘शेइक्रा’मध्ये आहे आणि ती २०० फुटांची आहे. नववीच्या मुलांना हा अडीच अंशांचा फरक जरूर सांगावा, मोजमापाची शिस्त अशाच गोष्टींतून लागते.

उत्तर ३ : निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

वजन नाहीसे होत नाही, त्याची जाणीव नाहीशी होते. पृथ्वी आपल्याला ओढतच असते, मात्र खालून टेकू देणारे काही उरत नाही. हे पटवून देण्यासाठी प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाशी बाजूला भोक पाडावे, पाणी भरावे आणि टोपण उघडे ठेवावे. बाटली हातात असताना धार वाहते; पहिल्या मजल्यावरून सोडली, की जमिनीवर आदळेपर्यंत धार थांबते, कारण पाणी आणि बाटली बरोबरीने पडत असल्यामुळे भोकाशी दाबच राहत नाही. मी हा प्रयोग तीस वर्षे केला आणि प्रत्येक वर्षी मुलांनी तो पुन्हा करून पाहण्याचा हट्ट धरला.

पुन्हा प्रश्नकर्त्या

सर्वांची मनापासून आभारी आहे. आज जिन्यावरून बाटली सोडली, आणि सरांनी लिहिले तसेच झाले. सात वेळा सोडावी लागली. त्यानंतर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, की हीच बाटली हातात घेऊन तो पाळणा तळाशी वळण घेत असताना पाहिले, तर धारेचे काय होईल?

उत्तर ३ : निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

फार चांगला प्रश्न आहे, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. तळाशी तेथे गुरुत्वाच्या साडेचार पटीपर्यंत जोर जाणवतो, म्हणजे ४० किलोच्या मुलाला आपण १८० किलोचे झालो आहोत असे वाटेल. भोकाशी पाण्याचा दाबही तितकाच वाढेल. मात्र धारेचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो साडेचार पट न होता सुमारे दुप्पट होईल. वर्गमूळ तिलाच काढू द्या.