महाराजांच्या शब्दावर पायी वारीला निघालेल्या नवख्यांची तयारी कशी करून घ्यावी? (कोल्हापूर ते पंढरपूर)

पेठेतली_दिंडी

रामकृष्णहरी. आमच्या पेठेतल्या महाराजांचं कीर्तन ऐकून यंदा चाळीसेक मंडळी आषाढीला पायी पंढरपूरला निघायचं म्हणतायत. मिरज, नागज, सांगोला असा रस्ता, साधारण १८० किलोमीटर, ९ दिवस. निम्मी माणसं साठीच्या पुढची. काहींना साखर, काहींचे गुडघे गेलेले, एरवी मंडईला जायलाही रिक्षा लागते. महाराज एवढंच म्हणतात, "पांडुरंग नेतो, तुम्ही रांगेत या." त्या शब्दावर माणसं खरंच उठून उभी राहिली आहेत. त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता तयारी कशी करून घ्यायची? हातात चैत्रापासूनचा वेळ आहे. दिंडी चालवणाऱ्यांनी नेमकं सांगावं.

वीणेकरी_करवीर

माउली, महाराजांच्या शब्दात जोर आहे हे मोठं भांडवल आहे. पण तो शब्द ९ दिवस पुरतो तो नेमामुळे. म्हणून आधी नेम लावा. आजपासून रोज संध्याकाळी हरिपाठ, तोही उभं राहून, टाळ घेऊन. चालीवर म्हटला की अर्धा-पाऊण तास जातो. बसून म्हणणाऱ्याला वारी झेपेल का, ते कळत नाही. उभ्याने म्हणणाऱ्याचं पंधरा दिवसांत कळतं.

चालणं एकादशीला बांधा. महिन्याला दोन एकादश्या येतात, आषाढीपर्यंत पाच-सहा वाऱ्या सहज होतात. मधल्या दिवसांत रंकाळ्याला प्रदक्षिणा, आधी एक, मग दोन. पहिल्या दोन एकादशींना साने गुरुजी वसाहत, पुईखडी, वाशी या रस्त्याने नंदवाळच्या विठ्ठलाला पायी जायचं आणि गाडीने परत यायचं. जाणं १०-१२ किलोमीटरचं आहे. त्यानंतरच्या एकादशींना दोन्ही वेळा पायी. आणि ज्येष्ठात एकदा सलग दोन दिवस चालवाच. पहिल्या दिवशी उत्साहावर कुणीही चालतो, अंग बोलतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. वैशाखात पहाटे पाचला निघून नऊच्या आत सावली गाठा. जोतिबाचा डोंगर मात्र तयारीला घेऊ नका. पंढरपूरच्या रस्त्याला तसला चढ-उतार नाही आणि पायऱ्या उतरताना दुखरा गुडघा जास्त दुखावतो.

आता रांग. पुढे पताका, मग टाळकरी, त्यांच्यात मृदंग, मागे वीणा, वीणेमागे तुळस आणि हंडा घेतलेल्या बायका. दिंड्या मोडतात त्या पुढच्या पताकांमुळे. तरणी पोरं पताका घेतात, झपाझप निघतात, रांग ताणत जाते, आणि शेवटची दहा माणसं भजनाच्या कानाआड पडतात. माणूस हातपाय गाळतो तो तिथे, कारण चाल कानावर पडेनाशी होते. म्हणून टाळकऱ्यांच्या पहिल्या ओळीत दोन साठीपुढची माणसं ठेवा आणि पताकांनी त्यांच्या पावलाने चालायचं असं ठरवून द्या. भजनासह ताशी ३ किलोमीटर धरा. म्हणजे २० किलोमीटरला चालणंच पावणेसात तास, विसावे वेगळे.

वीणा मागे का, तेही महाराजांना विचारून घ्या. मागून ध्रुवपद ऐकलं की कुठल्या ओळीचा आवाज खाली गेला ते लगेच कळतं. ध्रुवपद घेताना धाप लागतेय म्हणजे वेग जास्त झालाय. तिथे पावली, म्हणजे तालावर नाचत टाकलेली पावलं, थांबवायची आणि विलंबित चालीचा अभंग घ्यायचा. थांबा म्हणून ओरडावं लागत नाही. आणि वीणा जमिनीवर टेकवायची नसते, तेव्हा चार वीणेकरी तयार ठेवा आणि तासाने पालटा. गावातल्या सप्ताहात नवख्यांना वीणेच्या पहाऱ्याला उभं करा. रात्री तासभर वीणा घेऊन उभा राहिलेला माणूस दिंडीतही सहसा हटत नाही.

पायांची_काळजी

वरच्या माउलींनी रांगेचं सांगितलं, मी पायांचं सांगतो. आषाढात मिरजेपर्यंत पाय ओले राहतात, नागजच्या पुढे कोरडं ऊन-वारं लागतं. फोड येतात ते ओल्या टप्प्यात. पायमोज्यांचे तीन जोड लागतात, पैकी एक कायम कोरडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. प्रत्येक विसाव्याला पाय पुसून बोटांमध्ये व्हॅसलिन लावा. नवी कोल्हापुरी घालून कुणी निघू नका. ती चावते, आणि पावसात कातडं भिजून मऊ पडतं, तळ घसरतो. निदान दोन महिने वापरात असलेले कॅनव्हासचे किंवा स्पोर्ट्स बूट चालतील. अनवाणीचा नवस असेल तर तो रिंगणापुरता आणि देवळाच्या आवारापुरता ठेवा. साखर असलेल्याने अनवाणी चालूच नये, कारण पायाची जाणीव कमी झालेली असते आणि खडा रुतलेला कळत नाही. त्याने रोज रात्री आरसा खाली धरून तळवा बघायचा.

फोडात सुईने दोरा ओवून ठेवायची पद्धत आहे, ती बंद करा. दोऱ्यावाटे घाण आत जाते. फोड स्वच्छ करून, कातडी न काढता, वर गॉज आणि चिकटपट्टी.

पाण्यासाठी १ लिटरला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. साखरेच्या रुग्णाच्या खिशात गुळाचा खडा हवाच. गोळी घेऊन न्याहारी चुकली तर घाम सुटतो, हात थरथरतात, आणि बघणाऱ्याला वाटतं भक्तीचा आवेश आहे. गोळ्या-इन्सुलिनचं प्रमाण निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आषाढीच्या उपवासाचंही तेव्हाच विचारा, कारण त्या दिवशी पोटात अन्न नसतं आणि दर्शनबारीत कित्येक तास उभं राहावं लागतं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी नामदेव पायरीला डोकं टेकवावं, कळसाचं दर्शन घ्यावं.

छातीत दुखणं, दम न थांबणं, चक्कर: यातलं काहीही झालं तर गाडी थेट दवाखान्यात. इथे चर्चा नको.

माळकरी_मंगळवारपेठ

एका गोष्टीवर मत वेगळं आहे. नेम म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या गळ्यात माळ घालू नका. माळ घातली की मांसाहार आणि दारू सुटली पाहिजे. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या आपल्या मुलखात हा मोठा त्याग आहे, दिंडीच्या घाईत घेतलेली माळ श्रावणाआधी खुंटीला लागते. हरिपाठ आणि एकादशी तीन महिने निभली, की महाराजांकडे माळ मागायला माणूस आपण होऊन येतो. तेव्हा घाला.

पेठेतली_दिंडी

फार उपयोग झाला. एकच अडचण राहिली. दमलेली माणसं टेम्पोत बसायला तयार होत नाहीत, वारी खंडली असं त्यांना वाटतं. आमचं कुणी ऐकत नाही.

वीणेकरी_करवीर

तुमचं नाहीच ऐकणार, ते महाराजांनीच सांगायला हवं. निघण्याच्या आदल्या रात्रीच्या कीर्तनात त्यांच्याकडून स्पष्ट म्हणवून घ्या, की गाडीत बसला तरी वारी पोचते. आणि दुसऱ्या दिवशी दुपारचा टप्पा महाराजांनी स्वतः टेम्पोत बसून करावा. पाय धडधाकट असले तरीही. गुरू बसला की बाकीच्यांची लाज जाते. टेम्पोत टाळ-जोड ठेवा, एक टाळकरी बसवा, हरिपाठ आत चालू राहू दे, आणि गाडी रांगेच्या मागे भजन ऐकू येईल एवढ्या अंतरावर चालवा. विसाव्याला गाडीतल्यांनी उतरून रांगेत उभं राहायचं, पुढच्या टप्प्याला पाय मानतील तसं बघायचं. महाराजांनी संध्याकाळचा शेवटचा टप्पा वीणा घेऊन पायी करावा. टेम्पोतले बरेचसे तेव्हा उतरतात. त्यातल्या कुणाला उतरू द्यायचं नाही याची यादी मात्र दुपारीच करून दिंडीची शिस्त बघणाऱ्या चोपदाराकडे द्या.