एका दिवसाचा कार्यक्रम आणि उरलेलं वर्ष

"शाळांनी मेणबत्त्या लावून मुस्लिमद्वेष कमी होत नाही, तो एका दिवसाचा देखावा," असं काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात दोन मशिदींवरच्या हल्ल्यात ५१ माणसं गेली. तिथल्या एकट्या कॅशमियर हायस्कूलनं दोन विद्यार्थी गमावले. त्यानंतरच्या दिवसांत वेगवेगळ्या शाळांची मुलं गणवेशात जमली, फुलं वाहिली, एकत्र हाका हे माओरी लोकांचं पारंपरिक नृत्य केलं. घाबरलेल्या मुलाला आपण एकटे नाही हे डोळ्यांनी दिसणं, याला मी तरी देखावा म्हणणार नाही.

पण उरलेल्या वर्षाचं काय, हा प्रश्न खरा आहे. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये गोरी, काळी आणि हिस्पॅनिक मुलं नुकतीच एका वर्गात आली होती, वातावरण तापलेलं होतं. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरनसन यांनी तिथे उपदेश केला नाही, धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाकडे एकच तुकडा, परीक्षा मात्र अख्ख्या धड्यावर. म्हणजे शेजाऱ्याचं नीट ऐकून घेतल्याशिवाय गत्यंतरच नाही, आणि त्याला चिडवून गप्प केलं तर नुकसान आपलंच. मुस्लिम मुलाला "तुमच्यात असंच असतं ना?" असं विचारून अख्ख्या समाजाचा वकील करण्यापेक्षा प्रकाशसंश्लेषणाचा तुकडा त्याच्याकडे द्यावा. मात्र व्हरांड्यात कुणी त्याला अतिरेकी म्हटलं, तर शिक्षकानं तिथल्या तिथे थांबवलंच पाहिजे. ते काम कुठल्याही गटपद्धतीवर सोडता येत नाही.