बालगृहातील जुलाबाची साथ आणि लसीकरण: नेमके लक्ष कुठे द्यावे?

प्रश्न
आमच्या निवासी बालगृहात तीन वर्षांखालील मुले राहतात. एकाला जुलाब सुरू झाले की पाहता पाहता निम्मी खोली आजारी पडते. दारोदारी सॅनिटायझर ठेवला आहे, फरशी रोज जंतुनाशकाने पुसली जाते, तरी साथ थांबत नाही. शिवाय नव्याने दाखल होणाऱ्या अनेक मुलांच्या लसीकरणाची नोंदच नसते. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
फरशीपेक्षा हातांकडे पाहा. लंगोट बदलणारी ताईच लगेच भरवायला बसत असेल, तर फरशी कितीही चकचकीत असली तरी उपयोग नाही. उलटी-जुलाबाची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर अल्कोहोलचा सॅनिटायझर पुरेसा चालत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान २० सेकंद हात चोळून धुणे हाच खरा उपाय आहे. शिगेला या जुलाब-आव करणाऱ्या जिवाणूचे तर १० ते १०० जंतू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, म्हणून लंगोट बदलण्याची जागा आणि दूध तयार करण्याची जागा पूर्ण वेगळ्या असाव्यात आणि शक्यतो एका पाळीत ही दोन कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे द्यावीत. लंगोट बदलल्यावर मुलाचेही हात धुवायचे असतात, हे बहुतेक ठिकाणी राहून जाते. उलटी-जुलाब थांबल्यावरही मुलाला किमान ४८ तास इतरांत मिसळू देऊ नये.

प्रतिसाद २
लसीची लेखी नोंद नसेल तर लस झालेली नाही असे धरून, डॉक्टरांच्या सल्ल्याने वयानुसार लसीकरण सुरू करावे. आधी घेतलेली गोवराची लस पुन्हा दिल्याने अपाय होत नाही. गोवराचा संसर्ग पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरतो, त्यामुळे पुरळ दिसल्यावर मूल वेगळे केले तरी तोवर इतरांना लागण झालेली असू शकते. संपर्कात आलेल्या पात्र मुलांना ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो. सहा महिन्यांखालील बाळांसाठी मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यांच्यासाठी उपाय वेगळा असतो. कर्मचाऱ्यांच्या लसीही तपासा.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. आजारी मूल वेगळ्या खोलीत ठेवले की ते फार रडते, खातही नाही. त्याचे काय करावे?

प्रतिसाद ३
मूल वेगळे ठेवायचे म्हणजे एकटे ठेवायचे नाही. त्याच्या ओळखीची एकच ताई त्या पाळीत पूर्णवेळ त्याच्याजवळ राहावी आणि तिने त्या काळात दुसऱ्या मुलांना हात लावू नये. एरवीही मुलांचे छोटे, कायमचे गट करून प्रत्येक गटाला ठरलेल्या ताया दिल्या, तर साथ एका गटातच अडवणे सोपे जाते आणि मुलांना माणसांची सवयही राहते. जुलाब असलेल्या मुलाला जलसंजीवनी थोडी थोडी, चमच्याने पाजत राहणे हे त्या ताईचे पहिले काम; मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली किंवा रडताना डोळ्यांत पाणी येईनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.