प्रतिसाद: आठ पोर्टांचं कार्ड, दिसतात मात्र चारच

लिनक्सवर आठ सिरियल पोर्टांचं कार्ड लावलं, पण चारच पोर्ट दिसतात, असा प्रश्न होता. कार्डाला दोष देऊन लगेच परत करू नका. डीमेसेजमध्ये (dmesg, बूट होतानाचे संदेश दाखवणारी आज्ञा) ८२५० ड्रायव्हरची, म्हणजे सिरियल पोर्ट चालवणाऱ्या ड्रायव्हरची, ओळ बघा, तिथे '४ पोर्ट्स' दिसेल. लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) बूट होताना किती पोर्ट नोंदवायचे याचा कर्नलच्या सेटिंगमध्ये वेगळा आकडा असतो आणि तो मुळात ४च असतो. मदरबोर्डचा पोर्टही त्यातच मोजला जातो, म्हणून ८ नको, १२ ठेवा. तिथेच कमाल पोर्टांचा आकडाही असतो, तो मात्र त्याहून कमी नको, नाहीतर वाढवलेलं वाया. कर्नल पुन्हा बांधायचा कंटाळा असेल (मला तर असतोच!) तर बूटच्या ओळीत एनआर-यूआर्ट्स (8250.nr_uarts) या नावाने पोर्टांचा आकडा देऊनही भागतं.

आणि हो, सिरियल कन्सोल (सिरियल पोर्टवरून कर्नलचे संदेश बघायची सोय) हवा असेल तर ड्रायव्हर मॉड्यूल (नंतर वेगळा चढवायचा भाग) करू नका, कर्नलमध्येच घ्या. मॉड्यूल केलात की कन्सोलचा पर्याय कर्नलच्या सेटिंगच्या मेनूतून गायबच होतो.