बिशप बायका, मग स्टील गिटार बाप्यांकडेच का?

सुरावट_७: सेक्रेड स्टील ऐकतं का इथे कोणी? अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांचं हाउस ऑफ गॉड चर्च आहे, त्यांच्यातली स्टील गिटार. 1903 मध्ये हे चर्च काढलं मेरी मॅग्डालेना टेट या बाईनं, 1930 ला ती गेल्यावर शाखा फुटल्या, त्यातल्या कीथ आणि ज्युएल दोन्ही बाई बिशपांच्याच नावाच्या. आणि वाजवणारे बघा, विली ईसन, लोरेन्झो हॅरिसन, कॅम्पबेल ब्रदर्स, रॉबर्ट रँडॉल्फ. ओहायोतल्या टोलीडोची निकी डी ब्राउन लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवायची स्टील गिटार, तुफान वाजवते, पण कौतुक काय तर "बाई असून". बास करा ना हे, नुसतं वाजवणं ऐका.

कोपऱ्यातला: नाही पटलं. बाई आहे हे सांगायचंच नाही म्हणजे बाकीच्या का दिसत नाहीत हा प्रश्नच गुंडाळला की! ज्युएल गॉस्पेल ट्रिओ घे, कँडी स्टेटन, तिची बहीण आणि बिशप ज्युएलची नात, 1950 च्या दशकात गात फिरायच्या आणि साथीला स्टीलवर हॅरिसन. पोरी गाणार, बाप्या वाजवणार. हे असंच ठरलेलं.

सुरावट_७: ठरवलं कोणी पण? चर्चनं नियम केलेला का?

कोपऱ्यातला: नियम कशाला लागतो. हे बघून बघून शिकतात, काका वाजवतोय आणि पोरगं शेजारी बसून त्याच्या हाताकडे बघतंय. त्या खुर्चीशेजारी मुलीला बसवतच नसतील तर संपलं.

मंद्रसप्तक: मधेच विचारते, ही कंट्रीवाल्यांची रडकी गिटारच ना?

सुरावट_७: वाद्य तेच, हवाईहून आलेलं. डाव्या हातात लोखंडी बार, तो तारेवर नुसता सरकवायचा, त्यामुळे सूर माणसाच्या गळ्यासारखा ओढता येतो. रडकी मात्र अजिबात नाही. लोक नाचायला उठले की एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुडग्यावर, कितीही वेळ तापवत ठेवतात, आणि सगळं लक्ष पास्टरवर, तो थांबेपर्यंत थांबायचं नाही.

मंद्रसप्तक: मग हे यूट्यूबवर हेडफोन लावून ऐकून काय कळणार, नाचणारी माणसंच नाहीत समोर. निकी क्लबात, फेस्टिव्हलला वाजवते ते निम्मंच झालं.

कोपऱ्यातला: रँडॉल्फ क्लबात गेला तेव्हा हे निम्मं कोणाला आठवलं नाही. बाई गेली की लगेच आठवतं.

मंद्रसप्तक: रँडॉल्फचंही निम्मंच म्हणते मी, हवं तर लिहून घे. तोंडात शब्द घालू नकोस.

सुरावट_७: निकीचा सिस्टर्स ऑफ थंडर बँड ऐका आधी. मग भांडू.